अंदाजाने वाढलेलं बाळ

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचं प्रकरण आलं की गडहिंग्लजच्या त्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य ऐकू यायचं, "हे घरी वाचून या." घरी कुणी वाचत नसे. तुषार मगदूम याच शाळेत शिकला होता आणि त्यालाही ते प्रकरण कुणी शिकवलं नव्हतं. विज्ञानाचा शिक्षक होऊन तो परत आला तेव्हा पहिल्याच वर्षी त्याने फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढली. मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. पुढच्या मुली वहीत डोकं खुपसून बसल्या. तास झाला, पण शिकवणं काही झालं नाही.

त्यामुळे गर्भदर्शक शाळेत येणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला.

यंत्रामागचं तत्त्व जुनंच होतं, सोनोग्राफीचं. आईने पोटाभोवती एक मऊ कापडी पट्टा बांधायचा. त्या कापडात मोहरीएवढे हजारो कण विणलेले. प्रत्येक कण कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोटात सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी पकडतो. ते हजारो प्रतिध्वनी जुळवून संगणक आतल्या बाळाचा आकार उभा करतो आणि शाळेतल्या काचेच्या टेबलात ते बाळ, जसं त्या क्षणी पोटात असेल तसं, मोठं होऊन तरंगताना दिसतं. लिंग दाखवायला कायद्याने बंदी, म्हणून कमरेपाशी कायम धुक्याचा एक पट्टा.

आई चोवीस तास पट्टा बांधून बसत नाही. ती अंघोळ करते, कंटाळून पट्टा काढून ठेवते. तेवढ्या वेळात टेबल रिकामं पडू नये म्हणून एक सोय केलेली होती. लाखो गरोदरपणांची मापं त्या यंत्राने आधीच शिकून ठेवली होती. पट्टा सुटला की शेवटचं माप धरून ते अंदाजाने बाळ पुढे चालवायचं. प्रशिक्षणाला आलेल्या राणे नावाच्या अभियंत्याने हे सोपं करून सांगितलं होतं. "गाडी बोगद्यात शिरली की उपग्रहाशी संपर्क तुटतो, पण नकाशावरचा ठिपका पुढे सरकत राहतो ना? तसंच. पट्टा बांधला की ठिपका पुन्हा खऱ्या जागेवर." शिक्षकाच्या छोट्या पडद्यावर खरी मापं हिरव्या रेषेत दिसायची, अंदाजाची पिवळ्या. मुलांना मात्र नुसतं बाळ दिसायचं.

नियमाने आई दुसऱ्या जिल्ह्यातली हवी होती. पण त्या वर्षी तयार झालेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तुषारची बायको कल्याणी त्यांच्यात एक होती. ती पोस्टात काउंटरवर बसायची. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले होते. राणेंनी फोनवर विचारलं, "तुमचीच जोडणी तुमच्या शाळेला दिली तर चालेल का?"

"म्हणजे आमचं पोर जन्माआधीच दहावीच्या वर्गात?" कल्याणी हसली. "द्या की. बापाचं शिकवणं कसं आहे, ते आत्ताच कळू दे त्याला."

हे मुख्याध्यापिका कुराडे मॅडमना तेवढं ठाऊक होतं. मुलांना सांगितलं होतं, आई लांबच्या गावची आहे, नाव विचारायचं नाही.

जुलैत टेबल सुरू झालं. राजम्याच्या दाण्याएवढं बाळ वर्गात कलिंगडाएवढं होऊन तरंगू लागलं. पहिल्या दिवशी खोकल्याची साथ आलीच, पण छातीतलं हृदय लुकलुकताना दिसलं आणि खोकला आपोआप थांबला. मग प्रश्न सुरू झाले. ते श्वास कसा घेतं? शू करतं का? आईने मिरची खाल्ली तर त्याला तिखट लागतं का? इरा चौगुलेने भर वर्गात विचारलं, "सर, पाळी येते ते आणि हे, एकाच जागी ना?" कुणी हसलं नाही. तुषारने त्या दिवशी पाळीचं सगळं चक्र फळ्यावर काढलं आणि मुलांनी मुलींसोबत वहीत उतरवून घेतलं.

घरी तो कल्याणीला सांगायचा, आज वर्गात उचकी लागली होती त्याला.

"मला कळत होतं," ती म्हणायची. "दुपारी पार्सलं घेताना. सकाळी मात्र कुंभकर्ण. हालत म्हणून नाही."

दिवाळीची सुट्टी लागली. सहावा महिना होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कल्याणी अंगणात बसली होती आणि पट्टा शिट्टीसारखा वाजायला लागला. तुषारने मोबाईल बघितला. हृदयाचे ठोके उतरत होते. पट्टा सोडून तिथेच टाकला, गाडी काढून ते कोल्हापूरला पोचले तेव्हा ठोके नव्हते. नाळेला गाठ पडली होती. बाळ फिरताना स्वतःच्याच नाळेतून आरपार जातं आणि गाठ बसते, डॉक्टर सांगत होत्या, आणि ती एखाद्या दिवशी घट्ट होते. कुणाची चूक नाही. तुषारने मान हलवली. त्याला हे सगळं माहीत होतं, वर्गात शिकवलेलं होतं. एका मुलाने विचारलं होतं आणि त्याने म्हटलं होतं, फार क्वचित होतं तसं.

कल्याणीला कळा आणून मोकळं केलं. मुलगी होती. नर्सबाई कापडात गुंडाळून बाहेर घेऊन आल्या आणि विचारलं, "बघणार का?" तुषार नको म्हणाला. का, ते त्याला तेव्हाही कळलं नाही. नर्सबाई आत वळल्या आणि कल्याणीने बाळ मागून घेतलं. आतून काही आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी कल्याणीला दूध आलं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. तिच्या आईने छातीवर घट्ट पंचा बांधला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तुषार गोळ्या आणायला गेला, आणून दिल्या, पाणी दिलं. लोक येत होते, त्यांना चहा दिला. सगळं जिथल्या तिथे होत होतं. त्याला रडू येत नव्हतं, झोप नीट लागत होती आणि जेवणाला मिठाची चवही कळत होती. फक्त हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय आणि आपण त्याच्या घरी चार दिवस मदतीला आलोय, असं वाटायचं.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी तो लवकर शाळेत गेला. टेबलावरचं झाकण काढून जोडणी बंद करायची आणि राणेंना कळवायचं, एवढं त्याच्या डोक्यात होतं. त्याने झाकण काढलं.

बाळ आत होतं. वाढलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन ते मंद डोलत होतं, आणि तुषारच्या डोळ्यांदेखत त्याने एक हात उचलून तोंडाशी नेला.

छोट्या पडद्यावरची रेषा पिवळी होती. यंत्राला एवढंच ठाऊक होतं की पट्टा सुटला आहे. शेवटचं माप धरून ते इमानेइतबारे पुढे निघालं होतं.

बटण त्याच्या बोटाखाली होतं. बोट तसंच राहिलं. घंटा झाली आणि मुलं आत आली.

आत आल्यावर ती आधी गप्प झाली. सरांच्या घरी काय झालं, ते गावात सगळ्यांना कळलं होतं. इरा पुढे आली, काहीतरी बोलणार होती, पण नुसतीच उभी राहिली. शेवटी समर्थ हत्तरकीने, ज्याला वर्षभरात एकदाही वेळेवर वही देता आली नव्हती, टेबलाकडे बघून म्हटलं, "सर, हे मात्र छान वाढलंय. हे तरी नीट होऊ दे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"बसा," तुषार म्हणाला. "आज फुफ्फुसं बघू."

त्याने फुफ्फुसं शिकवली. आतले हवेचे फुगे एकमेकांना चिकटून बसू नयेत म्हणून बाळाच्या शरीरात एक साबणासारखा पदार्थ तयार होतो, तो आत्ता कुठे तयार होऊ लागतोय, त्याआधी जन्मलं तर श्वास घेणं अवघड. मुलांनी लिहून घेतलं. समजावण्यात कुठे चूक झाली नाही.

मधल्या सुट्टीत कुराडे मॅडमनी त्याला बोलावलं. दार लावून घेतलं आणि स्वतः त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "मी राणेंशी बोलले. ते म्हणतात, अंदाज अगदी बिनचूक असतो, फेब्रुवारीपर्यंत जाऊ शकेल. आत्ता बंद केलं तर मुलं विचारणार. पूर्वपरीक्षा तोंडावर. वरून पण तेच सांगणं आलंय, मुलांच्या मनावर परिणाम नको." त्या थांबल्या. "पण तुम्हाला नको असेल, तर आत्ता बंद करते. तुमच्यावर आहे सगळं, मगदूम सर."

"चालू दे," तो म्हणाला.

"नक्की?"

"हो. अभ्यासक्रम आहे."

संध्याकाळी कल्याणीने विचारलं, "टेबलाचं काय केलंस?"

"केलं बंद," तो म्हणाला.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बाळाने डोळे उघडले. भुवया आल्या. शाळा सुटल्यावर तुषार टेबलापाशी बसू लागला. पेपर तपासायला घ्यायचा आणि लाल पेन हातात धरून काचेत बघत राहायचा. त्याला दुःख होत नव्हतं. बरं वाटत होतं, असंही नव्हे. एवढंच की दिवसातला तेवढा वेळ तो कुठे आहे, हे त्याला कळायचं. घरी गेल्यावर कल्याणी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तो तिच्या अंगावर चादर टाकायचा. दोघांत भांडण नव्हतं. बोलण्यासारखं काही सापडत नव्हतं, एवढंच.

जानेवारीत कल्याणी कामावर जाऊ लागली. दुसऱ्याच आठवड्यात इराची आई मुलीचं बचत खातं काढायला पोस्टात आली. फॉर्म भरता भरता बोलायची सवय. "बरं झालं तुम्ही कामावर आलात. मन रमतं. आमची इरा तर घरात दुसरं बोलतच नाही हो. शाळेतलं बाळ आता उलटं झालंय म्हणे, डोकं खाली. नखंसुद्धा दिसतात. सर रोज शाळा सुटल्यावर त्याच्यापाशी बसतात, सांगत होती. म्हटलं, बसू दे बाई, तेवढाच जीवाला..."

कल्याणीने शिक्का मारला, पासबुक दिलं आणि शेजारच्या खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "जरा बघाल का माझं काउंटर? मी येते जाऊन."

तुषार टेबलापाशी बसला होता. दारात चपलांचा आवाज झाला म्हणून त्याने वर बघितलं, आणि तसाच बसून राहिला.

कल्याणी आत आली. टेबलाजवळ उभी राहून बघत राहिली. बाळाने कूस बदलल्यासारखं केलं, पाय ताणला. तिचा चेहरा हलला नाही. तुषारला वाटलं, ही आता ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

"आपलं. म्हणजे... सहाव्या महिन्यापर्यंतची मापं आपली आहेत. मांडीचं हाड, डोक्याचा घेर, नाक. ते सगळं पट्ट्याने घेतलेलं. त्याच्यापुढचं यंत्राने धरलंय."

"कशावरून?"

"लाखो बाळांवरून. सरासरी."

"म्हणजे कुणाचंच नाही."

त्याने हातातलं लाल पेन खाली ठेवलं.

"तिची हालचाल अशी नव्हती," कल्याणी म्हणाली. "ती एकदम धडक द्यायची, मग बराच वेळ गप्प. हे पाण्यातल्या शेवाळासारखं हलतंय." तिने हात पुढे केला आणि काचेला न लावता मागे घेतला. "मी इकडे दोन महिने उठून बसायला बघतेय, तुषार. आणि तू तिला रोज मोठं करतोयस."

"मी नाही करत. ते आपोआप..."

"बंद कर मग."

त्याने बटणावर बोट ठेवलं. बोट पुन्हा तसंच राहिलं. जोर कुठून आणायचा, तेच त्याला आठवेना. कल्याणीने वाट बघितली. मग ती बाकावर बसली आणि पदराने कपाळ पुसलं.

"मुलांना काय वाटतं? हे खरंय?"

"हो."

"फेब्रुवारीत काय सांगणार त्यांना? बारसं करणार?"

"वरून सांगितलंय, मुलांच्या मनावर परिणाम..."

"माझ्या पोटातलं त्यांनी चार महिने बघितलं. ते गेलं, हे त्यांना कळायला नको? तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

ती कुराडे मॅडमकडे गेली. आत काय बोलणं झालं, ते तुषारला कळलं नाही. बाहेर आल्यावर मॅडमचे डोळे लाल होते. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या तिसरा तास. वर काय कळवायचं ते मी बघेन."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला कल्याणी वर्गात आली. मुलं उभी राहिली. ती शिक्षकाच्या खुर्चीत बसली नाही, टेबलाला टेकून उभी राहिली.

"मी मगदूम सरांची बायको, कल्याणी. जिचं नाव तुम्ही विचारायचं नाही असं ठरलं होतं, ती आई मी. जुलैपासून तुम्ही बघत होता, ती माझी मुलगी. दिवाळीत ती गेली. त्याच्यानंतर ह्या टेबलात जे वाढतंय, ते यंत्राचा अंदाज आहे. खरं नाही."

समर्थने तुषारकडे बघितलं. "सर, मग तुम्ही आम्हाला फुफ्फुसं शिकवली, तेव्हा..."

"तेव्हा ती नव्हती," तुषार म्हणाला. "फुफ्फुसांचं सांगितलेलं खरं आहे. बाळ खरं नव्हतं. मला तुम्हाला सांगायला हवं होतं."

समर्थने मान खाली घातली. आपण काय बोललो होतो, ते त्याला आठवलं असावं. तुषार त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

मग आलिया मुजावर उठली. एरवी ती हजेरीपुरतीच बोलायची. "माझ्या अम्मीचे दोन गेले. आम्हाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात गेली, आली, नि स्वयंपाकाला लागली. मला वाटायचं, अम्मीनेच काही चुकीचं केलं असेल."

"चूक नसते गं," कल्याणी म्हणाली. "मलाही रोज वाटतं, आपण काय केलं. अंगणात बसायला नको होतं का, जड उचललं का. सर सांगतील तुम्हाला, किती वेळा असं होतं आणि का होतं."

तुषारने खडू घेतला. पुस्तकात नसलेला भाग त्याने फळ्यावर लिहायला घेतला: गर्भ का टिकत नाही, सुरुवातीलाच किती जातात, बहुतेक वेळा गुणसूत्रांत दोष कसा असतो, नाळेला गाठ कशी पडते. नाळेची आकृती काढताना खडू मोडला. त्याने तुकडा उचलून पुढची रेघ काढली. मागे पानं उलटल्याचे आवाज येत होते.

"मॅडम," इराचा आवाज आला. "ती कशी दिसायची?"

तुषारची पाठ वर्गाकडे होती. तो वळला नाही. इतक्या दिवसांत हे त्याने विचारलं नव्हतं. घरात कुणीच विचारलं नव्हतं.

कल्याणी म्हणाली, "एवढीशी होती. माझ्या दोन तळव्यांत मावेल इतकी. कातडी लाल, पातळ, आतल्या शिरा दिसायच्या. कानाची पाळी चिकटलेली, माझ्या वडिलांसारखी. ओठ मिटलेले. रागावून झोपल्यासारखी दिसत होती." तिने श्वास घेतला. "सुंदर होती, असं मी म्हणणार नाही. पण ती होती."

इरा रडायला लागली. मग बऱ्याच जणी, मुलगेही. कल्याणी रडली नाही. ती टेबलाच्या पलीकडून फिरून आली आणि विचारलं, "बटण कुठलं?" तुषारने दाखवलं. तिने ते दाबलं. काच काळी झाली आणि वरच्या पंख्याचं प्रतिबिंब तेवढं आत फिरत राहिलं.

पुढच्या आठवड्यात शाळेला प्रकल्पातून वगळल्याचा निरोप आला. राणे माणसं घेऊन आले आणि टेबल टेंपोत घालून घेऊन गेले. दोन पालकांनी तक्रार केली, चार पालक कुराडे मॅडमना भेटून, शिकवलं ते बरं झालं, म्हणाले. पूर्वपरीक्षेत प्रजननाच्या प्रश्नाला मुलांनी पानंच्या पानं लिहिली.

पण ते पुढचं. त्या दिवशी तास संपल्यावर कल्याणीला पोस्टात सोडायला तुषार स्कूटरवरून निघाला. नदीवेशीच्या चढावर उसाची ट्रॉली अडकली होती, म्हणून त्याने बाहेरचा रस्ता घेतला.

"हात कसे होते?" त्याने समोर बघतच विचारलं.

"काय?"

"हात. तिचे."

वाऱ्यामुळे ऐकू जावं म्हणून कल्याणी पुढे सरकली. "मुठी होत्या. मी एक उघडायला बघितली. बोट आत घातलं माझं." ती थांबली. "पाय गार होते. मी पदरात धरून ठेवले. तरी गारच होते."

तुषारने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. पाय जमिनीला टेकले, हँडल धरून ठेवलं. त्याचे खांदे हलायला लागले. त्यालाच आधी कळलं नाही, काय होतंय ते. मागून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. कुणीतरी भोंगा वाजवला, वाट काढून पुढे गेला.

कल्याणी मागच्या सीटवरून उतरली नाही. तिने त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि तशीच बसून राहिली. पोस्टाची वेळ झाली होती. तिने त्याला घाई केली नाही.